फिलाडेल्फियाला न गेलेला सेंटर फिल्डर: कर्ट फ्लड प्रकरण (१९६९–१९७२)

ऑक्टोबर १९६९ मध्ये सेंट लुईस कार्डिनल्स या बेसबॉल संघाने आपला सेंटर फिल्डर कर्ट फ्लड याला फिलाडेल्फिया फिलीज या संघाला देऊन टाकलं. फ्लडने जायला नकार दिला. त्या नकारातून उभा राहिलेला खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तिथे हरला. फ्लडची कारकीर्द त्यात संपली. पुढच्या साडेतीन वर्षांत तो ज्यासाठी भांडला होता त्यातलं बरंचसं इतर खेळाडूंना मिळालं.

ही गोष्ट बहुतेक वेळा हौतात्म्याची म्हणून सांगितली जाते. मला ती एका माणसाने आणि त्याच्या संघटनेने घेतलेल्या निर्णयांची मालिका म्हणून तपासायची आहे, कारण हौतात्म्य म्हटलं की ‘हे टाळता आलं असतं का?’ हा प्रश्नच कुणी विचारत नाही. खेळाडू, न्यायाधीश आणि पदाधिकारी सार्वजनिक जीवनातले असल्यामुळे त्यांची नावं ठेवली आहेत. ज्यांच्या नावाने प्रकरण समजायला मदत होत नाही ती माणसं निनावी ठेवली आहेत.

पार्श्वभूमी

फ्लडचा जन्म १८ जानेवारी १९३८ चा, टेक्सासमधल्या ह्यूस्टनचा. वाढला कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये. जॉर्ज पॉवेल्स या प्रशिक्षकाच्या हाताखाली तयार झालेल्या मुलांमध्ये फ्लड, फ्रँक रॉबिन्सन आणि व्हेडा पिन्सन असे तिघे आउटफिल्डर एकाच शहरातून निघाले आणि तिघेही मोठ्या लीगमध्ये, म्हणजे देशातल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत, पोहोचले. आउटफिल्डर म्हणजे मैदानाच्या मागच्या विस्तीर्ण भागात उभे राहणारे तीन क्षेत्ररक्षक. त्यांतल्या मधल्यावर, सेंटर फिल्डरवर, सर्वांत जास्त जमीन सांभाळायची जबाबदारी असते.

१९५६ मध्ये सिनसिनाटी रेड्सने त्याला वर्षाला ४,००० डॉलरवर घेतलं. फ्लोरिडातल्या टँपा इथल्या सराव शिबिरात पोहोचल्यावर त्याला कळलं की कृष्णवर्णीय खेळाडू संघाच्या हॉटेलात राहत नाहीत, त्यांची सोय गावात दुसरीकडे असते. मग नॉर्थ कॅरोलायनातल्या हाय पॉइंट-थॉमसव्हिल या छोट्या लीगमधल्या, म्हणजे खालच्या स्तरावरच्या, संघात पाठवणी झाली. तिथे त्याने .३४० च्या सरासरीने (म्हणजे शंभरातले ३४ प्रयत्न यशस्वी) फटकेबाजी केली, २९ होमरन, म्हणजे थेट मैदानापार जाणारे फटके, मारले आणि संध्याकाळी खोलीत एकटा बसून तो रडला. त्या काळातला एक प्रसंग त्याने नंतर स्वतः सांगितला आहे. एका दिवशी दोन सामने होते. पहिल्या सामन्यानंतर सगळ्यांचे घामेजलेले कपडे धुवायला एकत्र टाकले गेले. त्याचे कपडे मात्र कर्मचाऱ्याने काठीने उचलून बाजूला काढले आणि काळ्यांच्या वेगळ्या लाँड्रीत पाठवले. ते परत येईपर्यंत त्याला उघड्या अंगाने बसून राहावं लागलं.

डिसेंबर १९५७ मध्ये रेड्सने त्याला सेंट लुईसला देऊन टाकलं. तेव्हा तो १९ वर्षांचा होता आणि व्हेनेझुएलात हिवाळी हंगाम खेळत होता. त्याला कुणी काही विचारलं नाही, फक्त कळवलं. पुन्हा असं झालं तर खेळ सोडून देईन, असं त्याने तेव्हाच मनाशी ठरवल्याचं तो पुढे सांगत असे. १९६९ चा नकार आभाळातून पडला नव्हता, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

सेंट लुईसमध्ये तो १२ हंगाम खेळला. १९६३ ते १९६९ सलग सात वर्षं गोल्ड ग्लव्ह, म्हणजे आपल्या जागेवरच्या उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार. १९६६ चा पूर्ण हंगाम एकही चूक न करता. १९६५ ते १९६७ या काळात सलग २२६ सामने चुकीविना. तीन वेळा ऑल-स्टार, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या संघात. १९६४ आणि १९६७ मध्ये संघाने वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाच्या अजिंक्यपदाची मालिका, जिंकली. १९६८ च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या, निर्णायक सामन्यात डेट्रॉइटच्या जिम नॉर्थरपचा उंच फटका त्याच्या अंदाजात चुकला, चेंडू डोक्यावरून गेला आणि दोन धावा झाल्या. संघ हरला. इतक्या भरवशाच्या माणसाची एवढी एक चूक लोकांनी वर्षानुवर्षं लक्षात ठेवली.

मैदानाबाहेरच्या दोन गोष्टीही इथे हव्यात. १९६२ मध्ये मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरात नागरी हक्कांची सभा झाली, तिला जॅकी रॉबिन्सन या, आधुनिक काळात मोठ्या लीगमध्ये खेळलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय खेळाडूबरोबर फ्लडही गेला होता. आणि १९६४ च्या विजयानंतर त्याने कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅलमो गावात भाड्याने घर घेतलं, तेव्हा भाडेकरू काळा आहे हे कळल्यावर घरमालकाने बंदुकीची धमकी दिली. फ्लड न्यायालयात गेला, हुकूम मिळवला आणि पत्नी-मुलांसह त्या घरात राहायला गेला. न्यायालय आपल्याला न्याय देतं, हा त्याचा अनुभव होता. पुढच्या निर्णयावर या अनुभवाची छाया आहे, असं मला ठामपणे वाटतं.

अडचण

प्रत्येक खेळाडूच्या करारात एक कलम असे, रिझर्व्ह क्लॉज. खेळाडूने नव्या करारावर सही केली नाही तर संघाला जुनाच करार आणखी एका वर्षासाठी वाढवता येई. वाढवलेल्या करारातही तेच कलम असल्यामुळे पुढच्या वर्षी पुन्हा वाढवता येतो, असा मालकांचा अर्थ. म्हणजे वर्षाचा म्हणून केलेला करार जन्माचा होई. दुसऱ्या कुठल्याही संघाला त्या खेळाडूशी बोलायची मुभा नव्हती. संघाला मात्र त्याला विकायची, देऊन टाकायची, काढून टाकायची पूर्ण मोकळीक होती. या पद्धतीची सुरुवात १८७९ मधली.

एरवी एवढ्या उघड संगनमतावर अमेरिकेचा मक्तेदारीविरोधी कायदा तुटून पडला असता. पण १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्या. ऑलिव्हर वेंडेल होम्स यांच्या निकालपत्रात म्हटलं होतं की बेसबॉलचे सामने हा आंतरराज्य व्यापार नव्हे, त्यामुळे तो कायदा इथे लागू नाही. १९५३ मध्ये टूलसन खटल्यात न्यायालयाने तेच कायम ठेवलं आणि बदल हवा असेल तर काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, करावा असं सांगितलं. पुढे मुष्टियुद्धाला आणि अमेरिकन फुटबॉलला हाच कायदा लागू होतो असं त्याच न्यायालयाने ठरवलं. बेसबॉल तेवढा सुटला.

अशा स्थितीत ७ ऑक्टोबर १९६९ ची अदलाबदल झाली. कार्डिनल्सने फ्लड, टिम मॅकार्व्हर, जो होर्नर आणि बायरन ब्राउन यांना दिलं; बदल्यात डिक अ‍ॅलन, कुकी रोहास आणि जेरी जॉन्सन घेतले. बारा वर्षं संघाचा कणा असलेल्या माणसाला ही बातमी भल्या पहाटे फोनवर मिळाली, तीही कार्यालयातल्या एका मधल्या फळीतल्या कर्मचाऱ्याकडून. मागोमाग छापील नमुन्याचा कागद आला.

तो ३१ वर्षांचा होता, १९६९ चा त्याचा पगार ९०,००० डॉलर होता. सेंट लुईसमध्ये त्याचा छायाचित्रांचा व्यवसाय होता, मित्र होते, घर होतं. फिलाडेल्फियात डिक अ‍ॅलनवर प्रेक्षक इतक्या वस्तू फेकत की तो मैदानात हेल्मेट घालून क्षेत्ररक्षण करायचा. काळ्या खेळाडूला त्या शहराकडून काय अपेक्षा ठेवायची, हे फ्लडला वेगळं सांगायची गरज नव्हती.

समोरचे पर्याय

पहिला सरळ होता: जायचं. फिलीज लाख डॉलरच्या आसपास द्यायला तयार होते. त्या काळी तो आकडा मोजक्याच खेळाडूंना मिळे.

दुसरा: निवृत्त व्हायचं. १९५७ च्या शपथेशी हे जुळत होतं आणि अदलाबदल झाल्यावर त्याने तसं जाहीरही केलं होतं. पण निवृत्त होणं म्हणजे खेळायचं असेल तर आमच्याच अटींवर, हे मालकांचं म्हणणं मान्य करणं.

तिसरा: रुसून बसल्यासारखं दाखवून रक्कम वाढवून घ्यायची. मालकांचा आणि अनेक वार्ताहरांचा समज शेवटपर्यंत हाच होता की तो हेच करतो आहे.

चौथा पर्याय सेंट लुईसमधल्या एका वकिलाशी बोलताना पुढे आला: खटला. त्यासाठी फ्लड न्यूयॉर्कला खेळाडूंच्या संघटनेचे कार्यकारी संचालक मार्विन मिलर यांच्याकडे गेला. मिलर पोलाद कामगारांच्या संघटनेतून आलेले अर्थतज्ज्ञ. १९६६ मध्ये त्यांनी सूत्रं घेतली आणि १९६८ मध्ये खेळाडूंचं किमान वार्षिक वेतन ६,००० वरून १०,००० डॉलरवर नेलं. खटल्याने त्यांचा फायदाच झाला असता. तरीही त्यांनी फ्लडला भीती वाटावी इतकं स्पष्ट सांगितलं: जिंकण्याची शक्यता नगण्य आहे, वर्षं जातील, पुन्हा खेळायला मिळणार नाही, प्रशिक्षक किंवा व्यवस्थापक म्हणूनही कुणी घेणार नाही, खासगी आयुष्य चव्हाट्यावर आणलं जाईल, आणि जिंकलास तरी नुकसानभरपाई मिळेल असं नाही. फ्लडने विचारलं, बाकीच्या आणि पुढे येणाऱ्या खेळाडूंना याचा उपयोग होईल का? मिलर म्हणाले, होईल. मग मला एवढं पुरे, असं फ्लड म्हणाला. मिलरनी त्याला घरी जाऊन पुन्हा विचार करायला सांगितलं. त्याने केला, आणि निर्णय बदलला नाही.

सल्लागाराने कसं वागावं याचा मला माहीत असलेला हा सर्वांत प्रामाणिक नमुना आहे. आपल्या हिताच्या कामात समोरचा स्वतःहून उडी घेत असताना त्याला इतक्या पोटतिडकीने मागे खेचणारे थोडे.

१३ डिसेंबर १९६९ ला प्वेर्तो रिकोतल्या सान हुआन इथे संघटनेच्या प्रतिनिधींची बैठक झाली. फ्लडला आडवेतिडवे प्रश्न विचारले गेले. तू काळा आहेस म्हणून हे करतो आहेस का, असं टॉम हॅलर या खेळाडू-प्रतिनिधीने विचारलं. काळा असल्यामुळे मला हे जास्त बोचत असेल, पण जे चाललं आहे ते कुठल्याही रंगाच्या खेळाडूसाठी चूकच आहे, अशा आशयाचं उत्तर फ्लडने दिलं. मालकांनी पैसे पुढे केले तर मध्येच सोडून जाणार नाहीस ना, हीही चाचपणी झाली. तिला कारण होतं. १९४० च्या दशकाच्या शेवटी डॅनी गार्डेला या आणखी एका आउटफिल्डरने मालकांविरुद्ध दावा केला होता, अपिलात त्याच्या बाजूने कौल मिळून प्रकरण रंगात आलं होतं, आणि १९४९ मध्ये ते पैसे देऊन न्यायालयाबाहेर मिटवलं गेलं. कायदा होता तिथेच राहिला. या वेळी प्रतिनिधींनी एकमताने, २५ विरुद्ध शून्य, पाठिंबा दिला. वकिलाचा खर्च संघटनेने उचलायचं ठरलं.

काय केलं

२४ डिसेंबर १९६९ रोजी फ्लडने बेसबॉलचे आयुक्त बोवी कून यांना पत्र लिहिलं. मोठ्या लीगमध्ये बारा वर्षं काढल्यावर, माझ्या इच्छेची पर्वा न करता विकत घ्यावी आणि विकावी अशी मी मालमत्ता आहे असं मला वाटत नाही, असं त्यात होतं. इतर संघांचे प्रस्तावही मला विचारात घेऊ द्या, एवढीच मागणी. कून यांनी ती फेटाळली.

३ जानेवारी १९७० ला दूरचित्रवाणीवर क्रीडा पत्रकार हॉवर्ड कोसेल यांनी त्याला विचारलं की वर्षाला ९०,००० डॉलर मिळवणारा माणूस स्वतःला गुलाम कसं म्हणवतो? फ्लड म्हणाला, भरपूर पगार मिळणारा गुलाम हाही शेवटी गुलामच. या वाक्याने तो घराघरात पोहोचला आणि अर्ध्या देशाच्या मनातून उतरलाही. धमक्यांची आणि शिव्यांची पत्रं येऊ लागली. प्रेक्षक आठवड्याला शे-दीडशे डॉलर कमावणारे होते. त्यांना कलम दिसत नव्हतं, आकडा दिसत होता.

१६ जानेवारी १९७० ला न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात दावा दाखल झाला. संघटनेने वकील निवडला आर्थर गोल्डबर्ग, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती. याहून वजनदार नाव मिळणं शक्य नव्हतं. पण त्याच वर्षी गोल्डबर्ग न्यूयॉर्कच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीला उभे राहिले, आणि खटला व प्रचार एकाच वेळी सुरू राहिला.

सुनावणी मे-जूनमध्ये न्या. अर्व्हिंग बेन कूपर यांच्यापुढे झाली. काठीच्या आधाराने चालत जॅकी रॉबिन्सन साक्षीला आला. माजी खेळाडू हँक ग्रीनबर्ग आला, माजी संघमालक बिल व्हेक आला. पण त्या वेळी खेळत असलेला एकही खेळाडू आला नाही. साक्षीला नाही आणि नुसतं मागच्या बाकावर बसायलाही नाही. फ्लडला हे आयुष्यभर लागून राहिलं.

१९७० चा पूर्ण हंगाम तो खेळला नाही. काही काळ डेन्मार्कमध्ये राहिला. तिकडे कार्डिनल्सने त्याच्याऐवजी विली मोंटान्येझ या तरुण खेळाडूला फिलीजकडे पाठवून व्यवहार पुरा केला. फ्लडचा धंदा बुडत होता, कर थकला होता, दारू वाढली होती. नोव्हेंबरमध्ये वॉशिंग्टन सेनेटर्स या संघाने फिलीजकडून त्याचे हक्क घेतले आणि १,१०,००० डॉलर देऊ केले. दावा चालू ठेवूनच त्याने ते स्वीकारले. दीड वर्षाच्या खंडानंतर परतलेलं शरीर आणि मन, दोन्ही जागेवर नव्हते. १९७१ मध्ये १३ सामन्यांत ३५ वेळा फटकेबाजीला येऊन त्याला ७ हिट, म्हणजे यशस्वी फटके, मिळाले. एप्रिलच्या शेवटी न्यूयॉर्कच्या विमानतळावरून मालकांना तार करून तो स्पेनला निघून गेला आणि पुढे माजोर्का बेटावर बार चालवू लागला.

निकाल

कूपर यांनी ऑगस्ट १९७० मध्ये दावा फेटाळला. जुने निर्णय आपल्यावर बंधनकारक आहेत आणि रिझर्व्ह क्लॉजमध्ये सुधारणा हवी असेल तर ती वाटाघाटीतून व्हावी, असं त्यांचं म्हणणं. अपिलातही तेच झालं. १९ जून १९७२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ३ मतांनी फ्लडविरुद्ध निकाल दिला. नववे न्यायमूर्ती ल्यूइस पॉवेल बाजूला झाले, कारण त्यांच्याकडे अ‍ॅनहायझर-बुश कंपनीचे शेअर होते आणि कार्डिनल्सची मालकी त्याच कंपनीची होती.

न्या. हॅरी ब्लॅकमन यांचं निकालपत्र वाचताना आजही चीड येते. बेसबॉल हा व्यवसाय आहे, तो आंतरराज्य व्यापार आहे, त्याला मिळालेली सूट विसंगत आहे, हे सगळं त्यात कबूल आहे. म्हणजे १९२२ चा पाया चुकीचा होता हे मान्य. तरी इमारत पाडायची ती काँग्रेसने. त्यात सुरुवातीला बेसबॉलच्या थोरवीचं वर्णन आणि ८० हून जास्त जुन्या खेळाडूंची नावं आहेत. बहुमतातल्या दोन न्यायमूर्तींनी त्या भागावर सही केली नाही. डग्लस, ब्रेनन आणि मार्शल या तिघांनी विरोधी मत नोंदवलं.

खटला हरला, पण त्या अडीच वर्षांत वारं फिरलं होतं. करारातलं कलम काय आहे हे लोकांना कळलं होतं. १९७३ च्या सामूहिक करारात नियम आला: दहा वर्षं मोठ्या लीगमध्ये आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात काढलेल्या खेळाडूला आपली अदलाबदल नाकारता येईल. १९६९ मध्ये हा नियम असता तर फ्लड सेंट लुईसमध्येच राहिला असता. शिकागो कब्जच्या रॉन सँटोने तो पहिल्यांदा वापरला. २३ डिसेंबर १९७५ रोजी पीटर साइट्झ या लवादाने अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन पिचरांच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूंच्या, प्रकरणात ठरवलं की एक वर्ष म्हणजे एकच वर्ष. सही न करता तेवढं खेळलेला खेळाडू मोकळा. मालक न्यायालयात गेले आणि हरले. १९७६ च्या करारात सहा वर्षांनंतर मुक्त होण्याचा हक्क आला.

वेगळं काय करता आलं असतं?

सर्वांत मोठा प्रश्न दरवाजाचा आहे. फ्लडने न्यायालयाचा ठोठावला; उघडला लवादाचा. दावा दाखल झाला त्याच वर्षी, १९७० मध्ये, संघटनेने तक्रारींसाठी तटस्थ लवाद मिळवला होता. न्यायालयात प्रश्न होता की हे कलम कायदेशीर आहे का, आणि तिथे पन्नास वर्षांचे निर्णय आडवे येत होते. लवादापुढचा प्रश्न अगदी साधा झाला: कलमात लिहिलेलं ‘एक वर्ष’ म्हणजे किती? तो वाट पाहता तर जिंकला असता, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. लवादाच्या वाटेने जायला फिलाडेल्फियात वर्षभर सहीविना खेळावं लागलं असतं, म्हणजे ज्या गोष्टीला नकार होता तीच आधी करावी लागली असती. शिवाय मेसरस्मिथच्या मागे खंबीर उभी राहिलेली संघटना १९७५ ची होती. १९६९ ची संघटना कोवळी होती, आणि तिला कणखर करण्यात या खटल्याचा वाटा होता.

वकिलाची निवड मात्र चुकली. नाव मोठं होतं, पण त्या नावाने खटल्याला दिलेला वेळ आणि मन मोठं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयापुढचा गोल्डबर्ग यांचा युक्तिवाद विस्कळीत झाला, असंच तो ऐकणाऱ्या बहुतेकांनी नोंदवलं आहे. प्रचार सुरू झाला तेव्हाच संघटनेने दुसऱ्याच्या हाती सूत्रं द्यायला हवी होती.

आणि बाकावरची रिकामी जागा. हे मला सर्वांत जास्त खटकतं. २५ मतांचा ठराव करणाऱ्या प्रतिनिधींपैकी दहा जण जरी न्यूयॉर्कमध्ये सामना असलेल्या दिवशी सकाळी तासभर येऊन बसले असते, तरी खटला एका नाराज खेळाडूचा न दिसता सगळ्या खेळाडूंचा दिसला असता. भीती खरी होती, सूडाची शक्यता होती. पण ती भीती सगळ्यांनी वाटून घेण्याऐवजी एकट्या फ्लडच्या वाट्याला दिली गेली. वकिलाची फी संघटनेने भरली; बुडालेला पगार, बुडालेला धंदा, मोडलेली तब्येत यांचा भार त्याने उचलला. ज्या माणसाकडून सगळ्यांसाठी लढून घ्यायचं त्याच्या वर्षाच्या खर्चाची तरतूद ठरावातच असायला हवी होती.

गुलामीच्या वाक्याबद्दल माझं मत अनेकांपेक्षा वेगळं आहे. त्याने खटल्याला नुकसान झालं, हे बरोबर. पण काठीने उचललेले कपडे ज्याने पाहिले त्याला दुसरं काय सुचावं? ते वाक्य त्याने बोलायलाच हवं होतं. त्याच्या शेजारी बसून कलमाचा अर्थ पगारदार माणसाला समजावून सांगणारा गोरा सहकारी मात्र हवा होता.

फ्लड १९७० च्या दशकाच्या मध्यात ओकलंडला परतला, ओकलंड ए’ज या संघाच्या सामन्यांचं रेडिओ समालोचन काही काळ केलं, दारू सोडली. २० जानेवारी १९९७ रोजी घशाच्या कर्करोगाने लॉस एंजेलिसमध्ये त्याचं निधन झालं. मार्विन मिलर यांची २०१९ मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे खेळातल्या थोरांच्या गौरव-दालनासाठी, निवड झाली. सात गोल्ड ग्लव्ह आणि १,८६१ हिटवाला फ्लड अजून तिथे नाही. ऑक्टोबर १९९८ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी कर्ट फ्लड कायद्यावर सही केली. मोठ्या लीगमधल्या खेळाडूंच्या नोकरीपुरती ती जुनी सूट त्याने काढून टाकली. छोट्या लीगमधले खेळाडू आणि संघांचं स्थलांतर त्यातून मुद्दाम वगळलं गेलं, आणि तेवढ्यापुरता १९२२ चा निर्णय आजही लागू आहे.